गायरान आणि माळावर गावाच्या हातातले वन्यजीव राखीव क्षेत्र व उद्यान: सुरुवात कोठून करावी?

माळवाट:
पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील आमच्या गावाला गायरान आणि त्याला लागून काही शेतकऱ्यांचा पडीक माळ असे मिळून दोनशे एकरांच्या आसपास क्षेत्र आहे. तेथे चिंकारा आणि खोकड नेहमी दिसतात, लांडगा अधूनमधून दिसतो आणि पावसाळ्यात धनगरांचे वाडेही याच माळावर उतरतात. येथे वन्यजीवांसाठी राखीव क्षेत्र करावे आणि एका कडेला विरंगुळ्यासाठी उद्यान उभारावे, म्हणजे तरुणांना गावातच काम मिळेल, असा ठराव ग्रामसभेपुढे येणार आहे. एका गटाला तलाव, झिपलाइन (तारेवरून घसरत जाण्याचा खेळ) आणि पाच हजार झाडांची लागवड हवी आहे. दुसऱ्या गटाला वाटते की एकदा वन खात्याची पाटी लागली की स्वतःच्या बांधावर जायलाही परवानगी लागेल. कायद्याचा कोणता मार्ग धरावा आणि उद्यान किती असावे, याविषयी जाणकारांनी सांगावे.

सातबारा:
दुसऱ्या गटाची भीती अनाठायी नाही. सोलापूरच्या नान्नज येथील माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले तेव्हा त्याची कागदोपत्री व्याप्ती सुमारे ८,५०० चौ. किमी होती आणि तीत असंख्य खासगी शेते अडकली. पुढे ते सुमारे १,२२२ चौ. किमीवर आणावे लागले, पण तोवर जमिनीच्या व्यवहारांवरील निर्बंधांचा राग माळढोक पक्ष्यावरच निघू लागला होता. म्हणून आधी सातबारा पाहा. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने दोन तरतुदी आल्या. शेतकऱ्यांनी स्वेच्छेने दिलेल्या खासगी वा सामुदायिक जमिनीवर ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ होऊ शकते आणि त्याचा व्यवस्थापन आराखडा स्थानिक समितीच करते. सरकारी मालकीच्या जमिनीसाठी ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ आहे. तेथे समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो, परंतु समितीचे काम मुख्य वन्यजीव रक्षकांना सल्ला देण्याचे. तुमचे गायरान सरकारच्या नावावर असेल, तर एकाच ठरावात दोन्ही तुकडे कोंबू नका. सामुदायिक राखीव क्षेत्र एकदा अधिसूचित झाले की समितीचा ठराव आणि राज्य शासनाची मान्यता यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही, हेही माळ देणाऱ्या प्रत्येकाला सहीपूर्वी स्पष्ट सांगितले पाहिजे.

तोपर्यंत गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीमार्फत लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातील वनस्पती-प्राण्यांची आणि त्यांविषयीच्या स्थानिक माहितीची नोंद, भरून घ्या. तिला कोणाची हरकत नसते.

तृणपाती:
पाच हजार झाडे कृपया लावू नका. माळ म्हणजे ओसाड पडलेले जंगल नव्हे. चिंकारा, लांडगा आणि चंडोल यांना उघडे गवतच हवे असते. धाविक पक्षी मातीच्या रंगात मिसळणारी ठिपकेदार अंडी घरटे न बांधता थेट जमिनीवर घालतो आणि चर खोदणाऱ्या जेसीबीच्या चालकाला ती दिसणे अशक्य आहे. क्षेत्र लहान आहे म्हणून नाउमेद होण्याचे कारण नाही, कारण अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य अवघे २.१७ चौ. किमी आहे. मात्र तेथील काळवीट आसपासच्या शेतांतही चरतात, तेव्हा पीकनुकसानीचे पंचनामे वेळेवर होतील अशी व्यवस्था पहिल्या दिवसापासून हवी.

धनगरांना बाहेर काढून गवत टिकवण्याचा विचारही नको. माळाचे भाग पाडून आळीपाळीने चराई ठेवावी, तसेच अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरेबाजार गावात केले तसे काही भागांतून गवत फक्त विळ्याने कापून न्यावे. तलावाऐवजी उतरत्या काठाचे उथळ पाणवठे बांधा. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पडलेल्या हरणाला निसरड्या काठावरून वर येता येत नाही.

किनारा:
उत्पन्नाच्या बाबतीत रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासकडे पाहावे. २००६ पासून तेथे कासव महोत्सव होतो. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, घरचे जेवतात आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहतात. रिसॉर्ट न बांधताही पैसा थेट घरोघर पोहोचतो. तुमच्याकडे शिरसुफळ आणि कडबनवाडी येथे वन विभागाची गवताळ सफारी आहेच; तेथील वाटाड्यांना एकदा भेटून या. झिपलाइनला माझा तत्त्वतः विरोध नाही, पण ती गावठाणाच्या बाजूलाच असावी.

माळवाट:
आभारी आहे. गावठाणाच्या बाजूची पाच एकर जागा उद्यानासाठी पुरेल असे वाटते, आणि तेथे बचत गटाच्या वडापाव व चहाच्या टपऱ्या ठेवण्याचा विचार आहे. याने काही बिघडेल का?

तृणपाती:
टपऱ्यांमुळे बिघडणार नाही, खरकट्यामुळे बिघडेल. उष्टे उघड्यावर पडले की मोकाट कुत्री वाढतात. ती चिंकाऱ्यांचा पाठलाग करतात, लांडग्या-खोकडांना डिस्टेंपरसारखे रोग देतात, आणि पुण्याच्या परिसरात लांडगा व कुत्रा यांचा संकरही नोंदला गेला आहे. त्यामुळे झाकणाच्या कचरापेट्या आणि रोज संध्याकाळी कचरा उचलण्याची जबाबदारी या दोन्ही गोष्टी टपरीच्या करारातच लिहा, आणि कुत्र्यांच्या लसीकरणाचा व नसबंदीचा खर्च प्रवेशशुल्कातून काढा.