डांबरी रस्त्यावरच्या सायकलला सस्पेन्शन: सोय की ओझे?

सरळफोर्क:
ओळखीतल्या कोणी रोजच्या ये-जा करण्यासाठी सायकल घ्यायची ठरवली की पहिला प्रश्न ‘शॉकअप आहेत ना?’ हाच असतो. माझे मत स्पष्ट आहे: डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या सायकलला पुढचे सस्पेन्शन हे बहुतेक वेळा विकत घेतलेले ओझे ठरते. स्वस्त सायकलींच्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुपाखी दांड्यात, केवळ लोखंडी स्प्रिंग असते. दबलेल्या स्प्रिंगची उसळी आवरणारी डॅम्पिंगची यंत्रणा त्यात नसते, किंवा असलीच तर नावापुरती असते. असा फोर्क अडीच किलोच्या आसपास भरतो, तर साधा लोखंडी फोर्क त्याच्या निम्म्या वजनात बसतो. चढावर उभे राहून पेडल मारले की सायकलचे तोंड खालीवर डोलू लागते आणि पायातली ताकद त्यात वाया जाते. त्यापेक्षा ४० ते ५० मिमी रुंदीचे टायर घ्यावेत, त्यांत बेताचीच हवा ठेवावी आणि वाचलेले पैसे चांगल्या ब्रेकवर खर्च करावेत.

खडीवाट:
आपण सस्पेन्शनकडे केवळ आरामाची वस्तू म्हणून पाहत आहात, आणि मतभेद तिथेच आहे. त्याचे पहिले काम चाक जमिनीला चिकटवून ठेवणे हे आहे. खडबडीत उतारावर ताठ फोर्कचे चाक दगडावर आपटून उडते, आणि ते हवेत असते त्या क्षणी ना ब्रेक लागतो ना हँडलला सायकल दाद देते. शिवाय ताकद वाया जाण्याचा हिशेब आपण एकाच बाजूने मांडला. सस्पेन्शन नसेल तर प्रत्येक उंचवट्यावर स्वारासकट सगळे वजन उचलले जाते, त्यात वेग जातो, आणि उरलेला धक्का हाताच्या व पाठीच्या स्नायूंना पचवावा लागतो. पॅरिस-रूबे ही दगडी फरसबंदीवरून जाणारी शर्यत जिल्बेर द्युक्लो-लासाल यांनी १९९२ आणि १९९३ साली रॉकशॉक्स कंपनीचा सस्पेन्शन फोर्क लावूनच जिंकली होती. ग्रॅमग्रॅमचा हिशेब ठेवणाऱ्या माणसांनी ते वजन हौसेने वाहिले नसावे.

सरळफोर्क:
उदाहरण चांगले आहे, पण ते अर्धेच सांगितले. काही वर्षांतच ते फोर्क त्या शर्यतीतून जवळजवळ दिसेनासे झाले, आणि आज तेच दगड ३० मिमी किंवा त्याहून रुंद ट्यूबलेस टायरवर पार केले जातात. डोंगरातल्या पायवाटेबद्दल माझे काही म्हणणेच नाही. तिथे शंभर-सव्वाशे मिमी दबणारा चांगला फोर्क हवाच.

खडीवाट:
टायर म्हणजे डॅम्पिंग नसलेली स्प्रिंगच, ही गोष्ट मात्र आपण सोयीस्करपणे विसरता. ट्यूबच्या टायरमध्ये हवा फार कमी केली की खड्ड्याच्या कडेवर रिम आपटते, ट्यूब चिमटली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. वळणावर टायर लचकतो तो वेगळाच. आणि डांबरी रस्त्याचेच म्हणाल, तर अलेक्स मोल्टन यांनी १९६२ साली बाजारात आणलेल्या छोट्या चाकांच्या सायकलला पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन होते. चाक जितके लहान तितके ते खड्ड्यात खोल उतरते, म्हणून जास्त हवेचे टायर आणि सस्पेन्शन ही जोडी त्यांनी जाणीवपूर्वक निवडली होती.

पानापकड:
सायकली दुरुस्त करणारा म्हणून दोघांनाही एक सांगावेसे वाटते. वादातला बराचसा भाग सस्पेन्शनविषयी नाही, त्याच्या निगेविषयी आहे. हवेवर चालणारा फोर्क माझ्याकडे ‘दबतच नाही’ या तक्रारीसह येतो, तेव्हा चकचकीत नळीवरची रबरी रिंग मी सीलपर्यंत खाली सरकवतो, मालकाला हलकेच सायकलवर बसायला आणि तसेच अलगद उतरायला सांगतो. फोर्क एकूण जितका दबू शकतो, त्याच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी रिंग वर सरकायला हवी. अनेकदा ती जेमतेम बोटाच्या पेराएवढीही सरकत नाही, कारण हवा स्वाराच्या वजनाच्या मानाने फार ठासलेली असते. मग नळीवर धूळ आणि तेल यांचे करडे कडे दिसते, म्हणजे सील थकलेले. खालच्या नळ्या साधारण ५० तास चालवल्यावर उघडून साफ कराव्यात आणि त्यांतले तेल बदलावे, असे बहुतेक चांगल्या फोर्कच्या पुस्तिकांत लिहिलेले असते. ती पुस्तिका वाचणारा गिऱ्हाईक विरळाच! स्वस्त स्प्रिंगवाल्या फोर्कच्या बाबतीत मात्र मी सरळफोर्क यांच्या बाजूने आहे. तो आतून गंजला की दुरुस्तीची मजुरी नव्या फोर्कच्या किमतीशी स्पर्धा करते.

सरळफोर्क:
छोट्या चाकांचा मुद्दा मान्य आहे, तिथे टायरला वावच कमी असतो. मोठ्या चाकाच्या, डांबरावरच्या सायकलबद्दलचे माझे मत मात्र तेच आहे. मनगट किंवा पाठ दुखत असेल त्यांनी सीटखाली स्प्रिंगचा दांडा बसवून पाहावा. तो हलका असतो आणि हँडलच्या वळण्यावर त्याचा काहीच परिणाम होत नाही.

खडीवाट:
सीटखालच्या दांड्याने मनगटाला काय मिळणार? तिथे धक्का पुढच्या चाकातून येतो.

पानापकड:
या चर्चेवरून कोणी उत्साहाने शॉकअप काढून साधा फोर्क बसवणार असेल, तर आधी जुन्या फोर्कची चाकाच्या आसापासून फ्रेमपर्यंतची लांबी मोजावी, त्यातून स्वार बसल्यावर दबणारा भाग वजा करावा आणि तेवढ्याच लांबीचा फोर्क शोधावा. आखूड फोर्क बसवला की सायकलचे तोंड खाली येते, हँडल फाजील हलके होते, आणि उतारावर ती सायकल पूर्वीइतकी स्थिर राहत नाही.