केमोनंतर व्यायामाने प्रतिकारशक्ती जाते का?
ताई, केमो संपल्यावर व्यायाम केला तर उरलीसुरली प्रतिकारशक्ती पण जाईल का असं विचारलंत, नाही हो, उलट भरभर चालायला लागलं की ॲड्रेनलिन हे हार्मोन वाढतं आणि काही मिनिटांत एनके सेल्स, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्तात भराभर वाढतात, थांबलं की परत कमी होतात, म्हणून नियमितपणा हवा. २०२५ मध्ये निकाल आलेल्या ‘चॅलेंज’ नावाच्या ट्रायलमध्ये, म्हणजे पेशंटवर केलेल्या अभ्यासात, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ पेशंट होते, केमोनंतर ३ वर्षं ज्यांच्याकडून व्यायाम करून घेतला त्यांच्यात ५ वर्षांनी साधारण ८० टक्के कॅन्सरमुक्त, नुसती माहितीपत्रकं दिलेल्यांत ७४. (हे प्रतिकारशक्तीमुळेच झालं असं मात्र सिद्ध नाही.) माझी आई सुरुवातीला गॅलरीतच फेऱ्या मारायची, कठडा धरून. काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, कमी असेल किंवा ताप असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, आणि तेव्हा गर्दीची जिम नकोच.