देवबागच्या चार खोल्या: कंपनीला चालवायला द्यायच्या की बुकिंग स्वतःच सांभाळायचं?

माडाखालची

नमस्कार. मालवणजवळ देवबागला आमचं घर आहे. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीत. २०१४ पासून चार खोल्या पाहुण्यांना देते. न्याहारीला आंबोळ्या नाहीतर घावणे, दुपारी लिलावात जी मासळी मिळेल ती. खोलीचं भाडं रात्रीला २,५००, जेवण वेगळं. गेल्या वर्षी चार खोल्या मिळून साधारण ५२० रात्री भरल्या. त्यातल्या २६० दोन बुकिंग साइटवरून, बाकी ओळखीतून आणि फोनवरून.

२७ डिसेंबरला रात्री साडेआठ वाजता अंगणात दोन गाड्या लागल्या, कोल्हापूरची एक आणि ठाण्याची एक. दोघांच्या मोबाइलमध्ये एकाच खोलीचं पक्कं बुकिंग. ठाण्याच्या बाईंच्या खांद्यावर मूल झोपलेलं. एका साइटवर खोली गेल्यावर दुसरीवर बंद करायला मी विसरले नव्हते, पण दुपारी नेट गेलं होतं आणि माझी सुरमई चुलीवर होती. अर्धा तास उशीर झाला, तेवढ्यात दुसरं बुकिंग आलं. आमची झोपायची खोली त्यांना दिली, आम्ही पडवीत झोपलो. साइटच्या मदत क्रमांकावर चाळीस मिनिटं फोन धरून बसले. शेवटी चूक माझीच ठरली आणि रेटिंगही खाली आलं. अकरा वर्षांत पाहुण्याला दारात उभं ठेवायची वेळ आली नव्हती. ते अजून मनातून जात नाही.

आता एक कंपनी मागे लागली आहे. (नाव लिहीत नाही.) आम्ही ६ लाख घालून एसी, कोडने उघडणारी कुलपं, नव्या गाद्या आणि त्यांचा बोर्ड लावायचा. बुकिंग सगळं त्यांच्याकडे, भाव त्यांचं सॉफ्टवेअर ठरवणार, एकूण उत्पन्नातले ३० टक्के त्यांचे. करार तीन वर्षांचा, त्या काळात मी स्वतः बुकिंग घ्यायचं नाही. पुतण्या हिंजवडीला आयटीत आहे. तो म्हणतो, "काकी, पर्यटनात आता सगळा पैसा टेक्नॉलॉजीत येतोय, तू मागे पडशील." पोरगा माझ्या भल्याचंच सांगतोय, पण सहीला हात उचलत नाही. या धंद्यातलं कोणी असेल तर सांगा.

करारवाला

ताई, सही करू नका. निदान आत्ता तरी. अकरा वर्षं माझं कामच ते होतं. एका ट्रॅव्हल कंपनीसाठी हॉटेलवाल्यांकडे जाऊन करार करायचे. आता जुन्नरजवळ गावी सहा खोल्या चालवतो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात.

तुमच्या पुतण्याचं अर्धं खरं आहे. पैसा खरोखर येतोय. पण कशात येतोय ते बघा. बसची तिकिटं विकणारी रेडबस २००६ मध्ये सुरू झाली ती दिवाळीला गावी जायचं तिकीट न मिळालेल्या मुलाच्या डोक्यातून. बस एकही त्यांची नव्हती, तरी कोणत्या बसला किती सीट शिल्लक आहेत ही माहिती आणि तिकीट काढणारा माणूस त्यांच्या हातात आला. बुकिंग डॉट कॉम ही अॅमस्टरडॅमची छोटी कंपनी, २००५ मध्ये अमेरिकेच्या प्राइसलाइनने ती १३.३ कोटी डॉलरला घेतली. आज तो सगळा समूह तिच्याच नावाने ओळखला जातो. आपल्याकडच्या हॉटेल कंपनी ओयोने २०२४ मध्ये अमेरिकेतली मोटेल ६ ही हॉटेलांची साखळी ५२.५ कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं, तेव्हा किंमत मोजली ती ब्रँडची आणि फ्रँचायझी व्यवसायाची. मेकमायट्रिप या बुकिंग साइटने २०२५ मध्ये सुमारे ३ अब्ज डॉलर उभे केले, ते चिनी प्रवास कंपनी ट्रिप डॉट कॉमकडचे आपले शेअर परत घेऊन तिचा हिस्सा २० टक्क्यांच्या आत आणायला. म्हणजे एवढी झटापट कोणाच्या ताब्यासाठी, तर जो आयत्या वेळी मोबाइल काढून खोली शोधतो त्या गिऱ्हाइकाच्या. खोली, गादी, सुरमई यांत कोणी पैसा घालत नाही. तो घालायला तुम्ही आहात: सहा लाख.

आता हिशेब करा. साइट २० टक्के घेते असं धरतो. २,५०० वर ५००, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी ९०. म्हणजे रात्रीमागे ५९०. २६० रात्रींचे झाले १,५३,४००. ही रक्कम मोठी आहे, पण त्या बदल्यात तुम्हाला नवं गिऱ्हाईक मिळालं. कंपनीचे ३० टक्के मात्र सगळ्या ५२० रात्रींवर. तेरा लाखांवर ३,९०,०००, वर त्याचा जीएसटी. तुमच्या ओळखीचा, सांगलीहून दर वर्षी येणारा माणूससुद्धा आता त्यांच्या खात्यातून येणार आणि तुम्ही त्याचे ३० टक्के देणार! शिवाय कंपनी त्याच साइटवर तुमची खोली टाकणार. तेव्हा साइटचं कमिशन आधी वजा करून मग ३० टक्के, की एकूण भाड्यावर ३० टक्के आणि साइटचं वेगळं? हा एक प्रश्न त्यांना लेखी विचारा. उत्तर यायला उशीर लागला तर काय समजायचं ते समजा.

भावाची अट नीट वाचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपये दंड ठोठावला. हॉटेलने दुसरीकडे कमी भाव लावायचा नाही, ही करारातली अट त्या प्रकरणात मोठा मुद्दा होती आणि अशा अटी काढायला आयोगाने सांगितलं. तुमच्या कागदावर तर स्वतः बुकिंग घ्यायलाच बंदी आहे.

दुहेरी बुकिंगवर मात्र टेक्नॉलॉजीच औषध आहे, तिथे कंजुषी करू नका. बहुतेक जण दोन साइटची कॅलेंडरं एकमेकींना लिंकने जोडतात. ती लिंक ठरावीक वेळाने ताजी होते, कधी काही तासांनी. डिसेंबरात तेवढ्या वेळात चार खोल्या दोनदा जातात. चॅनल मॅनेजर नावाचं सॉफ्टवेअर मिळतं. एका ठिकाणी बुकिंग पडलं की ते स्वतः दुसऱ्या साइटवर खोली बंद करतं, आणि ते सर्व्हरवर चालतं, त्यामुळे देवबागचं नेट गेलं तरी फरक पडत नाही. फोनवर घेतलेलं बुकिंग मात्र तुम्हालाच त्यात टाकावं लागेल, ते विसरलात तर पुन्हा तेच. मी सहा खोल्यांसाठी महिन्याला १,८०० भरतो. पावसाळ्यात बंद ठेवू देतात का ते विचारून मग घ्या.

डोंबिवलीची_पाहुणी

मी नेहमी फिरणारी, त्यामुळे दुसरी बाजू मांडते. माझ्या नणंदेने नेटवर सापडलेल्या नंबरवर एका रिसॉर्टसाठी आगाऊ ८,००० पाठवले. रिसॉर्ट खरा होता, नंबर भलत्याच माणसाचा. पोलिसांत तक्रार दिली, पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून आमच्या घरी थेट मालकाला पैसे पाठवायची भीती बसली आहे. साइटवर दोनशे-चारशे जास्त जातात, पण फसलो तर दाद मागायला कोणीतरी आहे असं वाटतं.

म्हणून ताई, थेट बुकिंग हवं असेल तर आमची ही भीती आधी घालवा. पैसे घेताना यूपीआयवर जे नाव दिसतं ते आणि घराचं नाव जुळू द्या. किती दिवस आधी रद्द केलं तर किती परत, हे दोन ओळींत लिहून पाठवा. एक व्हिडिओ कॉल करून खोली दाखवा. देवगडच्या एका आजींनी मला असं न सांगता दाखवलं होतं, खिडकीतून माड आणि मागे कोंबड्या. मी त्याच मिनिटाला पूर्ण पैसे पाठवले.

ताळेबंद

कराचं थोडं, कारण यात लोक उगाच घाबरतात. खोल्या आणि जेवण मिळून वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, साइटवरून खोल्या विकत असलात तरीही. त्या बुकिंगवरचा जीएसटी साइटच पाहुण्याकडून घेऊन भरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० पर्यंतच्या खोलीला १२ टक्क्यांऐवजी ५ टक्के आहे, म्हणजे तुमची २,५०० ची खोली साइटवर पाहुण्याला २,६२५ ला पडते. तुमच्या खोल्यांचेच तेरा लाख होतात, त्यात जेवणाचे पैसे मिळवून आकडा कुठे जातो तो मात्र आत्ताच बघा. साइटला पॅन दिलेला असू द्या. एका साइटवरची विक्री वर्षाला ५ लाखांच्या आत असेल तर टीडीएस कापत नाहीत. पॅन नसेल तर ५ टक्के कापला जातो आणि परतावा मिळवताना नाकी नऊ येतात.

एसी वगैरे खरोखर करायचंच असेल तर कंपनीच्या अटींवर कशाला? राज्याचं २०२३ चं 'आई' पर्यटन धोरण आहे. व्यवसाय बाईच्या नावावर असेल आणि तीच चालवत असेल तर १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, १२ टक्क्यांच्या मर्यादेत, शासन परत करतं. सात वर्षं किंवा साडेचार लाख, जे आधी होईल तिथपर्यंत. पर्यटन संचालनालयात चौकशी करा. शिवाय २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात होमस्टेला मुद्रा कर्ज देण्याची घोषणा झाली आहे, बँकेत त्याचाही विषय काढा. घर कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न पहिला येईल, तेव्हा सातबारा आणि घरपट्टी बरोबर ठेवा.

माडाखालची

सगळ्यांचे मनापासून आभार. 'आई' धोरणाचं मला माहीतच नव्हतं. घर यजमानांच्या नावावर आहे, न्याहारी-निवासची नोंदणी माझ्या नावाने. जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला जाऊन विचारते.

दोन शंका. भाव सॉफ्टवेअरने ठरवणं वाईटच का? नाताळात शेजारी ४,५०० घेतात, मी २,५०० च घेते, तेव्हा जीव हळहळतो. आणि पुतण्या म्हणतो की पुढे लोक साइटही बघणार नाहीत, थेट एआयला विचारतील. मग माझं घर त्याला कसं कळणार?

करारवाला

भाव वरखाली करणं वाईट मुळीच नाही. विमान, रेल्वे, सगळे करतात. सॉफ्टवेअर गेल्या वर्षीची त्या तारखेची मागणी, आजूबाजूचे भाव आणि किती खोल्या उरल्यात हे बघून आकडा काढतं. शेकडो खोल्यांना ते लागतं. चार खोल्यांना तुमची वही पुरते. नाताळ ते १ जानेवारी, होळीची जोडून सुट्टी, मे महिन्याचे शनिवार-रविवार: या रात्री आधीच ३,५०० ला लावा. जूनमध्ये, बोटी बंद झाल्यावर, १,८०० ला द्या, ज्याला नुसता पाऊस बघत बसायचंय तो येईल. सॉफ्टवेअरला एक गोष्ट कळत नाही. जुनं गिऱ्हाईक नाताळात आलं तर त्याला कितीला द्यायचं, हे तुम्हालाच ठरवता येतं, आणि तो निर्णय कोणाच्या हातात देऊ नका.

एआयचं पुतण्या बरोबर बोलतोय. ऑक्टोबर २०२५ पासून बुकिंग डॉट कॉम आणि एक्स्पीडिया या बुकिंग साइट चॅटजीपीटीच्या आत आल्या आहेत, गप्पा मारता मारता खोली शोधता येते. पण ते यंत्र वाचणार काय? लोकांनी आणि तुम्ही लिहिलेलं. तुमच्या पानावर "निसर्गरम्य वातावरण, घरगुती जेवण" असं असेल तर ते कोकणातल्या हजार घरांसारखंच आहे. लिहा: नदीच्या बाजूचं घर, होडीच्या जेटीला चालत किती मिनिटं, कुडाळ स्टेशनला आणि गोव्याच्या मोपा विमानतळाला गाडी पाठवतो का, वंदे भारतने कणकवलीला उतरणाऱ्यांसाठी काय सोय, जिना किती पायऱ्यांचा, शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होतो का. म्हाताऱ्या आईला घेऊन येणारा माणूस हेच विचारतो, आता तो यंत्राला विचारेल. हेच सगळं गुगलच्या नकाशावरच्या तुमच्या नोंदीत मराठीत आणि इंग्रजीत टाका. तिथे एक पैसा लागत नाही, आणि साइटवर घर बघून लोक फोन नंबर शोधायला तिथेच येतात. डोंबिवलीच्या ताईंच्या नणंदेसारखं कोणाचं होऊ नये म्हणून तिथला नंबर तुमचाच आहे ना, हे महिन्यातून एकदा तपासा. कोणीही बदल सुचवू शकतं.

आणि जुन्या वह्या टाकल्या नाहीत ना?

माडाखालची

नाही टाकल्या. काल रात्री माळ्यावरून काढल्या, सात आहेत. एक वाळवीने खाल्ली आहे, बाकीच्या वाचता येतात. नाव, गाव, फोन, आणि पुढे माझं अक्षर: "तिखट कमी", "तिसऱ्या (शिंपल्या) चालत नाहीत", "मुलाला दूध-भाकरी". पुतण्या शनिवारी येतोय, तो आणि मी मिळून सगळे नंबर एका जागी घालणार. कंपनीला तुम्ही सांगितलेला ३० टक्क्यांचा प्रश्न लिहून पाठवला. "आमचा माणूस फोन करेल" एवढंच उत्तर आलं, त्याला आज सहा दिवस झाले. करार परत पाठवते आहे. ठाण्याच्या त्या बाईंनाही फोन केला. मे महिन्यात या, दोन रात्री आमच्याकडून, असं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, येतो.

गुगलच्या नकाशावर गेले तर आमचं घर नदीच्या मधोमध दाखवतंय. ती खूण हलवायची कशी?

करारवाला

ज्या खात्यावरून नोंद केली होती त्याच खात्याने गुगलवर घराचं नाव शोधा, वर मालकासाठीचे पर्याय दिसतील. माहिती बदला, त्यात ठिकाण, मग नकाशावरची खूण बोटाने ओढून फाटकावर आणा. छपरावर नको, फाटकावर, म्हणजे गाडीवाला नेमका तिथे येतो. मंजुरीला थोडे दिवस लागू शकतात. नोंद दुसऱ्या कोणी केली असेल तर आधी मालकी मागावी लागेल, तसं असेल तर इथेच लिहा, पायरीपायरीने सांगतो.