फ्रँकलिन मोटार खरंच पाण्याशिवाय चालायची का?

घाटवाट, इंदूर

नमस्कार मंडळी. टकर या अमेरिकन गाडीबद्दल वाचत होतो, त्यात तिचं इंजिन फ्रँकलिनच्या घराण्यातलं असल्याचं कळलं. शोधत गेलो तर फ्रँकलिन नावाची मोटारच निघाली. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज गावी १९०२ ते १९३४ बनायची आणि रेडिएटरमध्ये पाणी म्हणून नाहीच! मला हे पचत नाहीये. गेल्या मे महिन्यात ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात माझी गाडी उकळली. आईला झाडाखाली बसवून बाटल्या घेऊन पाण्यासाठी वणवण केली. पाणी भरलेल्या गाडीची ही गत, तर बिनपाण्याची मोटार तीस वर्षं कशी चालली? आणि चांगली होती तर बंद का पडली?

जुना मिस्तरी, छावणी

दादा, तुम्ही कधीतरी चेतक चालवली असेलच. तिच्यात कुठे पाणी होतं?

छावणीत माझं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं, छत्तीस वर्षं. एक गिऱ्हाईक आलं, इंजिन जॅम. बघतो तर सिलिंडरवरचा पत्रा गायब. खडखड वाजतो म्हणून त्याने स्वतःच काढून ठेवला होता. चेतकच्या मॅग्नेटला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकाला, पंख्याची पाती असतात. ती हवा फेकतात आणि तो पत्रा हवेला सिलिंडरच्या फिनांमधून, म्हणजे त्याच्या अंगावरच्या धातूच्या पातळ पट्ट्यांमधून, जायला भाग पाडतो. पत्रा काढला की हवा मोकळी सुटते, फिनांना लागतच नाही. पिस्टनवर उभे ओरखडे पडले होते, नखाला लागत होते.

फ्रँकलिनचं मर्म हेच. १९१० पासून त्यांनी फ्लायव्हीललाच, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकालाच, पंखा केलं. फरक इतकाच की तो हवा फेकत नव्हता, ओढत होता. प्रत्येक सिलिंडर सुटा, त्याला उभ्या फिना, भोवती पत्र्याचं आवरण. पुढून आत आलेली हवा वरून खाली फिनांमधून उतरायची आणि मागचं फ्लायव्हील ती खेचून बाहेर काढायचं. इंजिन जितकं जोरात फिरेल तितका ओढा जास्त. पुढे १९२०च्या दशकात पंखा समोर आणून हवा ढकलायला लागले.

ही सगळी करामत जॉन विल्किन्सन या इंजिनियरची. मालक हर्बर्ट फ्रँकलिन हे मुळात साच्यात धातू ओतून सुटे भाग बनवणारे. मोटारींशी त्यांचा आधी संबंध नव्हता, पण या माणसावर त्यांनी पैसा लावला. पहिली गाडी १९०२ मध्ये विकली, चार सिलिंडरची, इंजिन आडवं बसवलेलं, किंमत १,२०० डॉलर.

विल्किन्सनला वजनाचा तिटकारा होता. पाणी नाही म्हणजे रेडिएटर नाही, पंप नाही, होज नाही, सगळं ओझं गेलं. चेसीची फ्रेम लोखंडी नाही, ॲश लाकडाची! चारही चाकांवर दोन-दोन कमानी, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, तोंडाला तोंड लावून बसवलेल्या. लाकूड धक्का गिळायचं, हलकी गाडी टायर कमी खायची. १९०४ मध्ये व्हिटमन नावाच्या गड्याने फ्रँकलिन सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला ३३ दिवसांत नेली. आदल्या वर्षी याच प्रवासाला दोन महिने लागले होते, आणि तेव्हा तिकडे धड रस्ते नव्हते.

आणखी एक. सिराक्यूजला बर्फ फार. पाण्यावर थंड होणाऱ्या गाड्यांचं पाणी रात्री काढून ठेवावं लागे, नाहीतर गोठून ब्लॉक फुटायचा. फ्रँकलिनवाल्याला ती चिंता नव्हती.

सयाजीबागेजवळ, वडोदरा

काका, छान समजावलंत. पण मी फोटोत पाहिलेल्या फ्रँकलिनला समोर रेडिएटर स्पष्ट दिसतो. मग ते काय?

जुना मिस्तरी, छावणी

ते बघून मलाही वाईट वाटतं. तो देखावा आहे, आत पाण्याचा थेंब नाही. आधी फ्रँकलिनचं बोनेट उतरतं असायचं, लांबून ओळखू यायचं. विक्रेते म्हणाले, लोकांना नेहमीसारखी मोटार हवी. १९२५ मध्ये डी कॉस या डिझायनरकडून नवं रूप करून घेतलं, पुढे खोटा रेडिएटर. विल्किन्सन कंपनी सोडून गेले. माझ्या मते त्यांनी योग्य केलं. कारागिराला आपल्या कामाचा असा चेहरा झाकलेला सोसवत नाही.

खरं सांगायचं तर विक्री मात्र वाढली. लिंडबर्ग या वैमानिकाने एकट्याने अटलांटिक ओलांडल्यानंतर १९२८ मध्ये एअरमन नावाचं मॉडेल आलं, कारण विमानंही हवेवरच थंड होत होती. १९२९ मध्ये वर्षाला सुमारे १४,००० गाड्या गेल्या. मग मंदी आली. बँकांचं कर्ज डोक्यावर, आणि त्यात १९३२ मध्ये बारा सिलिंडरची अवजड, महाग गाडी काढली. हलकेपणावर उभं राहिलेलं घर, त्याला ते पेलणार कसं? १९३४ मध्ये कारखाना बंद. एकूण दीड लाखाच्या आसपास गाड्या झाल्या असतील.

इंजिनाचा धंदा मात्र तिथेच दुसऱ्या नावाने चालू राहिला, विमानं आणि हेलिकॉप्टरसाठी. १९४७ मध्ये तुमच्या त्या टकर गाडीच्या कंपनीने तो विकत घेतला आणि हेलिकॉप्टरच्या इंजिनाला गाडीसाठी पाण्याचं जॅकेट, म्हणजे भोवती पाणी खेळवणारं आवरण, चढवलं.

घाटवाट, इंदूर

काका, आता सगळं जुळलं. तुमचं वाचून जिन्याखाली ठेवलेली बाबांची चेतक बाहेर काढली. पत्रा उघडला तर मॅग्नेटवर पाती, अगदी तुम्ही सांगितलीत तशीच. फिनांत तेल-मातीचा थर बसलाय आणि एका फिनेचा बोटभर तुकडा निघालेला आहे. चालेल का?

जुना मिस्तरी, छावणी

एका तुकड्याने काही होत नाही. घाण रॉकेल लावून ब्रशने काढा, पेचकसाने खरवडू नका. पत्रा बसवल्याशिवाय किक मारू नका. रविवारी सकाळी घेऊन या, ठिणगीचे पॉइंट मी बघतो.