डब्लिन नियम असूनही आश्रयावरून युरोपीय देश एकमेकांशी का भांडतात?

प्रश्न: आश्रयाचा अर्ज कोणत्या देशाने तपासायचा हे युरोपीय संघाच्या डब्लिन नियमाने ठरलेलं आहे. मग जर्मनी-इटलीत वाद कशाचा?

उत्तर १: नियम क्रमाने लागतो. आधी जवळचे कुटुंबीय कुठे आहेत ते, मग व्हिसा कोणी दिला ते. यातलं काहीच नसेल, तर बेकायदा प्रवेश जिथे झाला तो देश, म्हणजे बहुतेकदा इटली किंवा ग्रीस. बोटांचे ठसे युरोडॅकमध्ये (आश्रय मागणाऱ्यांच्या ठशांची युरोपीय नोंद) जुळले की दोन महिन्यांत परत घेण्याची विनंती करायची. ती मान्य झाल्यावर सहा महिन्यांत माणूस पाठवला नाही, तर जबाबदारी पाठवणाऱ्या देशावरच येते. फरार झाला तर मुदत १८ महिने. खरी गळती इथेच आहे. डिसेंबर २०२२मध्ये इटलीने जागा नसल्याचं सांगत असे बहुतेक लोक परत घेणं थांबवलं. मुदत मात्र चालूच राहिली.

उत्तर २: युरोपीय संघाचा २०२४चा स्थलांतर आणि आश्रयाबद्दलचा नवा करार यावरच आहे. प्रत्येक देशाने माणसं घ्यावीत, किंवा न घेतलेल्या प्रत्येकामागे २०,००० युरो द्यावेत, किंवा इतर मदत करावी. हंगेरी आणि पोलंडने विरोधात मत दिलं. माझ्या मते पैशाचा पर्याय ठेवल्याशिवाय बहुमत जमलंच नसतं.

उत्तर ३: देशांतर्गत राजकारणही बघा. नेदरलँड्समध्ये जुलै २०२३मध्ये पंतप्रधान रुटे यांचं सरकार निर्वासितांच्या कुटुंबीयांना आणण्यावरून पडलं, आणि जून २०२५मध्ये कट्टर उजव्या पक्षाचे नेते विल्डर्स यांनी आश्रय धोरणावरूनच पुढच्या सरकारचा पाठिंबा काढला.