चौकशी सदोष ठरली, तरी कंपनीला पुन्हा संधी का?

प्रश्न (घणसोली):
नमस्कार. महापे येथील एका कारखान्यात मी १४ वर्षे मशीन ऑपरेटर होतो. २०२२ मध्ये सुपरवायझरच्या अंगावर धावून गेल्याच्या आरोपावरून माझी अंतर्गत चौकशी झाली. ज्या दोघांच्या जबाबावर सारा आरोप उभा होता, त्यांची उलटतपासणी मला घेऊ दिली नाही आणि चौकशीचा अहवाल थेट बडतर्फीच्या पत्रासोबतच हाती पडला. ही चौकशी न्याय्य व उचित नव्हती, असे ठाण्याच्या कामगार न्यायालयाने नुकतेच ठरवले. परंतु पुढच्याच तारखेला कंपनीने न्यायालयात साक्षीदार तपासण्याची परवानगी मागितली. ज्यांनी नियम मोडले, त्यांनाच दुसरी संधी का?

उत्तर (वकील, ठाणे):
हा अन्याय वाटणे साहजिक आहे. मात्र चौकशी सदोष ठरली, म्हणजे आरोप खोटा ठरला असे नाही. चौकशी झालीच नव्हती असे धरून न्यायालय आता स्वतः पुरावा तपासते. चौकशीचा मुद्दा आधी निकाली काढावा, म्हणजे पुरावा द्यायचा की नाही हे मालकाला ठरवता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये कूपर इंजिनीअरिंगच्या खटल्यात सांगितले. तरीही ही संधी कंपनीला केव्हाही मागता येत नाही. कर्नाटक राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या प्रकरणात घटनापीठाने २००१ मध्ये असे ठरवले की, मालकाने ही मागणी आपल्या कैफियतीतच (न्यायालयात दिलेल्या लेखी उत्तरातच) करायला हवी. न्यायहितासाठी पुरावा मागवण्याचा न्यायालयाचा स्वतःचा अधिकार त्यानंतरही उरतो. पण कैफियतीत मागणी नसेल, तर आपल्या वकिलांनी लेखी हरकत अवश्य घ्यावी.

उत्तर (निवृत्त कामगार, वागळे इस्टेट):
भाऊ, माझ्या वेळीही असेच झाले होते. कारखान्यातल्या चौकशीत घडाघडा बोललेल्या साक्षीदाराला न्यायालयात ती घटना कोणत्या पाळीत घडली, एवढेही सांगता आले नाही. चौकशीतले जुने जबाब जपून ठेवा. आणखी एक, बडतर्फीनंतर तुम्हाला दुसरी नोकरी मिळालेली नसेल, तर तसे शपथेवर सांगा. मागील पगाराचा, म्हणजे बडतर्फीनंतरच्या काळातल्या पगाराचा, प्रश्न येतो तेव्हा कामगाराचे हे म्हणणे पटलावर असावे लागते. आरोप सिद्ध झाला, तरी शिक्षा जास्त वाटल्यास २०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम ११-अ खाली न्यायालय ती कमी करू शकते. तुमची १४ वर्षांची सेवा तिथे मांडता येईल.

प्रश्नकर्ता:
दोघांचाही आभारी आहे. कैफियत पाहिली, शेवटच्या परिच्छेदात कंपनीने ती मागणी केलेली आहे. त्यामुळे हरकतीवर विसंबून न राहता, जुने दोन्ही जबाब उलटतपासणीसाठी उद्याच वकिलांकडे देत आहे.