अनुभव धागा : तुमच्या घरात वाचन कुणाकडून कुणाकडे गेलं?

लावणी आटपली, पाऊस काही थांबत नाही आणि वीज कधीही जाते. धागा काढायला याहून चांगला मुहूर्त नाही. कोकणातली वाचनालयं जुनी. रत्नागिरीचं १८२८चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२चं. पण वाचनालयाची पायरी चढण्याआधी घरातच कुणीतरी गोडी लावलेली असते. ती कुणी लावली, कशी, ते लिहा. आजीने नातवालाच लावली पाहिजे असं नाही. नातीने आजोबांना लावली असेल तर जास्तच चालेल. मोबाइलच्या नावाने खडे फोडायला मात्र दुसरी जागा शोधा.

गुहागर
आमच्याकडे श्रावणात पोथी लागायची, हरिविजय. अध्याय ३६. रोज एक धरला तर गणपती दारात येऊन उभे राहतात तरी पोथी संपत नाही, म्हणून रविवारी दोन वाचायचे. वाचक काका. त्यांचा घसा बसला की पोथी माझ्यापुढे सरकायची. मी तेव्हा चौथीत. ओवी अडली की माजघरातून, हातातलं काम न थांबवता, आजी पुढचा चरण म्हणायची. तिची सही अंगठ्याची, पण एक शब्द गाळला तरी पकडायची. पूतना आली की अर्थ सांगताना वाडीतल्या एका बाईंचं उदाहरण हमखास द्यायची, आणि त्या बाई समोरच बसलेल्या असायच्या! मला गोडी ओव्यांची लागली की त्या टिप्पणीची, देव जाणे. आता मुलाला गोष्ट वाचून दाखवताना मीही शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यात ओढते.

हर्णै
आमच्याकडे उलटं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी वर ओढलेली. बाबा ओट्यावर जाळी दुरुस्त करत बसतात. हात गुंतलेले, कान मोकळे. बहीण सातवीत असताना समुद्रावरची एक कादंबरी मोठ्याने वाचायला लागली. बाबांनी पहिल्याच प्रकरणात लेखकाला धरलं. नायक भर दुपारी शीड उभारतो आणि झपाट्याने किनारा सोडतो. "दुपारी वारा समुद्राकडून येतो. तो तोंडावर घेऊन हा झपाट्याने जाईल कुठे? पहाटे मतलईवर निघायचं." तेव्हापासून बंदीत पुस्तक लागतंच, चुका काढायला म्हणून. ज्या पुस्तकात समुद्र नाही ते मात्र गप्प ऐकतात. एकदा एका सासुरवाशिणीच्या गोष्टीला त्यांनी जाळं खाली ठेवलं होतं. आईने पाहिलं.

मालवण
दिवाळी अंक आमच्याकडे शिमग्याला यायचे. काका मुंबईत गिरणीत, दिवाळीला रजा नाही. अंक चाळीतल्या सगळ्या बिऱ्हाडांत फिरून, शब्दकोडी सोडवून झाल्यावर होळीला गावी पोचायचा. आजोबा म्हणायचे, "शिळो झालो म्हणान काय झाला? कथा काय नासतत?" आईला पाककृती, मला व्यंगचित्रं. वार्षिक राशिभविष्य आजोबा पडताळून बघत, कारण त्यातले काही महिने होऊन गेलेले असत.

वेंगुर्ला
गोडीचं सगळे लिहितायत, कसरीचं कुणीच नाही. कपाटात वेखंडाचे तुकडे ठेवा आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुस्तकं पडवीत पसरा. आमची मुलं पुस्तकांना हात लावतात ते त्याच दिवशी. पण मग आवरायला सांगितलं तरी उठत नाहीत.

चिपळूण
२०२१चा जुलै. खालचा मजला पाण्यात, पुस्तकांचा लगदा. आता दर वर्षी मे अखेरीला पुस्तकं माळ्यावर चढतात, आणि माळा लहान. कोणती वर, कोणती खाली, यावर तीन पिढ्यांची भांडणं. बाबांची ज्ञानेश्वरी वादाशिवाय जाते. माझ्या रहस्यकथांबद्दल आई म्हणते, "पुरात गेल्या तर उपकार." मुलीच्या इंग्रजी पुस्तकांबद्दल बाबांचं तेच मत. शेवटी अट घातली : ज्याला पुस्तक वर न्यायचंय त्याने त्यातलं एक पान सगळ्यांना वाचून दाखवायचं. मुलीचं पान बाबांनी नाक मुरडत ऐकलं आणि मग अडकले, "पुढे काय होतं?" तिने सांगितलं नाही. "तुम्हीच वाचा." वाचतायत, शब्दकोश मांडीवर घेऊन, आणि तिच्यावर चिडून.

देवगड
सगळं गोडच चाललंय म्हणून लिहितो. वडील मास्तर, घर पुस्तकांनी भरलेलं, आणि मी वाचत नाही. पुस्तक संपलं की सारांश लिहायला लावायचे, तिथेच माझं वाचन संपलं. आंब्याची बाग बघतो, हिशेब वाचतो. माझा मुलगा मात्र त्यांच्याकडे बसतो. 'किशोर' मासिक १९७१ पासूनचं. जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर फुकट ठेवलेत. वडिलांना बारीक दिसत नाही, मुलगा फोनवर अक्षर मोठं करून देतो. त्याला सारांश लिहायला लावत नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "तो माझ्या वर्गात नाही."

धागा काढणारा
राजापूर, लांज्याकडून अजून कुणीच कसं नाही? आणि हर्णैकर, त्या कादंबरीत पुढे वादळ येतं का? बाबांचं त्यावर काय म्हणणं पडलं, तेही येऊ द्या.